फ्रिजला कोणती बॅटरी घेऊ?

पांढरकवडा,
शुक्रवार

प्रिय रूपसिंग,

तुझा निरोप मोबाईलवर येऊन आज अकरा दिवस झाले. "जमीर, परत गाडी घेतली. फ्रिज आला, सोलरची प्लेट बी आली. फ्रिजले कोणती बॅटरी घेऊ? तू सांगशीन तेच घेतो, दुसऱ्या कोणाले इचारत नाई." मी वाचल्याच्या खुणा तुला दिसल्याच असतील. अकरा दिवस मी उत्तर दिलं नाही आणि तूही दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तुझा हा स्वभाव मला शाळेपासून छळतो. तू समोरच्याला वेळ देतोस, आणि समोरचा त्या वेळात स्वतःलाच खात बसतो. दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं लेका.

परवा फरीदाला मी तो निरोप वाचून दाखवला. म्हणाली, "दो लाइन का जवाब है, देते काहेको नहीं? दिनभर ट्रकवालों को यहीच तो बताते बैठते." खरं आहे तिचं. हायवेवरच्या कोणत्याही ड्रायव्हरला केबिनमध्ये फ्रिज बसवायचा असला की तो आता माझ्या दुकानापुढे गाडी लावतो. त्यांना मी दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. तुला का सांगता येत नाही ते मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. ती रोट्या करत होती. तिने तवा उतरवून सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी ही रेघांची वही आणून तिने माझ्यापुढे ठेवली.

आणि मराठीतच लिहितो आहे, हसू नकोस. तुझ्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, माझ्या घरी हिंदी. आपली दोघांची मराठी भेटली ती शाळेच्या एका बाकावर. गणितं मी तुझी पाहून लिहायचो आणि निबंध तू माझे पाहून. 'माझा आवडता प्राणी' हा माझा निबंध तू जसाच्या तसा उतरवलास, बकरीसकट, आणि गुरुजींनी दोघांनाही बाकावर उभं केलं. बकरी खरं तर तुझी होती. तुझ्याच घरी तिला पाहून मी ते सगळं लिहिलं होतं. मार मात्र तू निमूट खाल्लास.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पुढचं वाचून तू हा कागद फाडलास तर बॅटरीचं तेवढं राहून जाईल. तुझा फ्रिज चालू असताना तासाला चार अँपिअरच्या आसपास ओढेल. आपल्याकडच्या उन्हात तो अर्ध्याहून जास्त वेळ चालूच राहणार, म्हणून चोवीस तासांचे पन्नास अँपिअर-तास धर. दोन दिवस आभाळ आलं तर शंभर. ट्रकची किंवा जीपची बॅटरी या कामाला चालत नाही. ती एका दणक्यात इंजिन उठवते आणि मग डायनामो तिला पुन्हा भरून देतो. तिचं काम तेवढंच. रोज पोट रिकामं होईपर्यंत तिच्याकडून काम करून घेतलं तर काही महिन्यांत ती आतून मरते. तुला हवी हळूहळू रिकामी होणारी आणि पुन्हा भरणारी, डीप सायकलवाली. त्यात शिशाची घेतलीस, घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ट्यूबलर, तर तिच्यातलं निम्मंच वापरायचं असतं, म्हणून दोनशेची लागेल. ती साठ किलोच्या वर भरते आणि तांड्यांच्या रस्त्याने तिचं पाणी हिंदकळून बाहेर येतं. तू लिथियम फॉस्फेटची घे, एकशेवीसची. महाग आहे, पण वजनाला तांदळाच्या लहान कट्ट्याएवढी आणि तिच्यातलं जवळजवळ सगळं वापरता येतं. वर दोनशे वॅटची प्लेट. पावसाळ्यासाठी गाडीच्या डायनामोवरून भरायचा वेगळा चार्जर बसव, साधी तार ओढू देऊ नकोस. बॅटरी इंजिनजवळ ठेवू नको, सीटच्या मागे ठेव.

आणखी दोन गोष्टी. बॅटरी घेतलीस की दुकानातच तिच्यावर गाडीच्या हेडलाइटचा एक बल्ब लाव आणि घड्याळ पाहत बस. ही बॅटरी जोरावर नाही, तासांवर पारखायची असते. दुसरी गोष्ट, फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवू नको. दिवसभरातलं जास्तीत जास्त किती झालं होतं ते लक्षात ठेवणारा मिळतो, तो ठेव. आणि प्लेट व बॅटरीच्या मधला तो डबा, कंट्रोलर, वाजायला लागला की गाडी उभी कर. कोणी मिस्त्री म्हणाला, "हे कायले वाजते, थांब, डायरेक्ट करून देतो," तर त्याचा हात धर. तो मीच असलो तरी धर.

हे सगळं मला आज येतं. सहा वर्षांपूर्वी येत नव्हतं, आणि आपल्याला येत नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

तुला ती जुनी जीप आठवते का रे? मला तर तिचा आवाजसुद्धा आठवतो. त्याआधी तू मोटारसायकलवर थर्माकोलचा डबा बांधून फिरायचास. जनावरांच्या दवाखान्यातून बकऱ्यांच्या बुळकांडीची लस घ्यायची, बर्फ भरायचा आणि दुपारच्या आत जेवढे तांडे होतील तेवढे करायचे. घाटंजीच्या रस्त्याला लागून आत कोलामांच्या वस्त्यांवर, पोडांवर, पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं, मग तू लस परत आणायचास आणि तिथल्या बकऱ्या तशाच राहायच्या. "जमीर, ज्यायले सर्वांत जास्त गरज हाय त्यायच्यापर्यंतच थंड पोचत नाई," हे तू माझ्या दुकानात बसून कितीदा म्हणाला असशील. मग तू ती जीप घेतलीस, कुठून तरी गाडीतला फ्रिज मिळवलास, टपावर सोलरची प्लेट बांधलीस आणि सगळं माझ्यापुढे आणून उभं केलंस. तुझ्या तोंडावर तेव्हा जे काही होतं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. चार-चार दिवस बाहेर राहता येईल म्हणालास, एकही पोड सुटणार नाही म्हणालास.

तुझ्या खिशात प्रशिक्षणातून आणलेला एक कागद होता. तो उलगडून तू म्हणालास, "साहेब म्हणे का याले डीप सायकल बॅटरी लागते, सोलरवाली." रूपसिंग, तेवढ्या वाक्याने माझं डोकं फिरलं. पंधराव्या वर्षापासून मी या हायवेवर बॅटऱ्या उचलतो आहे, हैदराबादहून येणारा ट्रक बंद पडला की लोक माझं नाव घेतात, आणि वातानुकूलित खोलीत बसणारा कोणी साहेब मला बॅटरी शिकवणार? मी तो कागद वाचलासुद्धा नाही. त्या साहेबांना एक शिवी दिली, आणि आतून दुकानातली सर्वांत दांडगी बॅटरी उचलून आणली. चौदा चाकी ट्रकची होती. "हे पाय," म्हणालो, "हे डोंगर हालवते. तुह्या फ्रिजचं काय घेऊन बसला!" तुझ्याकडून मी तिचे पैसेही धड घेतले नाहीत. मित्राला आपल्याजवळचं सर्वांत भारी ते दिलं, याचा मला कोण अभिमान! तू कागदाची घडी घालून खिशात ठेवलीस. "तू म्हणतो तर असंच असन," म्हणालास.

तीन-चार महिने सगळं छान चाललं. पोडावरची माणसं तुझ्या जीपला 'थंडी गाडी' म्हणायला लागली होती. मग एक दिवस तू आलास आणि म्हणालास, कंट्रोलर पहाटे पहाटे वाजतो आणि फ्रिज बंद करून टाकतो. मी काय केलं तुला आठवत असेल, तू माझ्या शेजारीच उभा होतास. समोर बबनरावांचा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला होता. तुझ्या जीपमधली बॅटरी काढली, ट्रॅक्टरला लावली, सेल्फ मारला. ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. बबनराव हसले, मी हसलो, तूही हसलास. आमच्या धंद्यात बॅटरीची हीच परीक्षा. माझ्या उस्तादांनी मला हीच शिकवली आणि मी माझ्या हाताखालच्या पोरांना हीच शिकवली. जिने ट्रॅक्टर उठवला ती बॅटरी खराब कशी असेल? म्हणजे दोष कंट्रोलरचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मी फ्रिजच्या तारा कंट्रोलरमधून काढल्या आणि थेट बॅटरीला जोडून दिल्या. डायरेक्ट. त्याचा भोंगाही काढून टाकला, उगाच झोपमोड नको म्हणून. "आता नाई वाजत," म्हणालो. खरंच, त्यानंतर ते कधी वाजलं नाही.

पुढे काय होत होतं ते आता तुला सांगतो. तुला ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. बॅटरी आतून निम्मी मेली होती. एका दणक्याचा जोर तिच्यात होता, रात्र काढायचा दम नव्हता. कंट्रोलर ओरडत होता तो त्यासाठीच. मी त्याचं तोंड बंद केल्यावर ती रोज उजाडायच्या कितीतरी आधी गपकन मरायची. फ्रिज गप्प. गाडीच्या टपाखाली, आश्विनातल्या उकाड्यात, तासन्‌तास लस तापायची. मग ऊन प्लेटवर आलं की फ्रिज पुन्हा सुरू, आणि तू दहा वाजता पहिली बकरी धरून झाकण उघडायचास तेव्हा थर्मामीटर पाच दाखवायचा. तू वहीत 'पाच' लिहायचास. तुझ्या त्या वहीत सगळीकडे पाचच लिहिलेले आहेत. तू एकही आकडा खोटा लिहिला नाहीस. मेलेली लस पुन्हा थंड केली तर दिसायला तशीच दिसते, हातालाही तशीच लागते.

डिसेंबरात तांड्यावर बुळकांडी आली. नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, हगवण. आठ दिवसांत एकतीस बकऱ्या गेल्या. त्यातल्या नऊ तुझ्या आईच्या, आपल्या याडीच्या होत्या. सुई दिलेल्या बकऱ्याच मेल्या, आणि त्याच खेपेतली लस दुसऱ्या गावात नीट लागू पडली होती, असं डॉक्टरांनी येऊन सांगितलं. मग माणसं बोलायची ती बोलली. रूपसिंगने पाणी टोचलं. लस विकून खाल्ली. सुई दिल्याचं नुसतं दाखवलं.

तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर पंचायत बसवायचं ठरलं त्याच्या आदल्या दुपारी तू जीप माझ्याकडे लावून दवाखान्यात गेला होतास. "एकदा पाहून ठेव गड्या, फ्रिजचं काही असन तं," एवढं म्हणून गेलास. तू गेल्यावर मला तुझा तो कागद आठवला. का आठवला कोण जाणे. बॅटरी काढली, एक हेडलाइट लावला आणि घड्याळ पाहत बसलो. चांगल्या बॅटरीने रात्रभर जळायला हवा होता. तो दोन तासांत लाल झाला आणि विझला. मी पुन्हा भरून पुन्हा लावण्याइतकं थांबलो नाही. गरज नव्हती. मला कळलं होतं. त्या विझलेल्या बल्बपुढे मी बसून होतो आणि तू परत आलास. विचारलंस, "काय दिसलं?" मी म्हणालो, "काही नाई." रूपसिंग, हे माझं पहिलं खोटं.

दुसरं तू ऐकलंस, साऱ्या तांड्याने ऐकलं. डोंगरसिंग नायक मला म्हणाले, "जमीरभाई, तुमी मिस्त्री माणूस. फ्रिज बिघडला होता का? आमाले त्यातलं समजत नाई, तुमी म्हनान ते खरं." मला ओट्यावर बसायला घोंगडी टाकली होती. तुझी याडी खांबाला टेकून उभी होती. आणि मी म्हणालो, "फ्रिज ठीक हाय, नायक. मीच बसवला, मीच पाह्यला." उचलली जीभ लावली टाळ्याला. मला कोणी धमकावलं नव्हतं. एकतीस बकऱ्या कोणी माझ्याकडे मागितल्या असत्या अशीही भीती नव्हती, तुमचा तांडा तसा नाही. 'जमीर मिस्त्रीला बॅटरी कळत नाही' हे वाक्य तेवढं मला ऐकायचं नव्हतं. एवढ्याशा वाक्यासाठी मी तुला विकलं.

आणि तू काय केलंस? तू माझ्याकडे पाहिलंस, मान हलवलीस आणि सगळ्यांना म्हणालास, "जमीर म्हनते तं फ्रिज ठीकच असन. मंग माह्याच हातानं काही चुकलं असन." तुझ्या याडीने तिथेच तोंड फिरवलं. "माह्या पोटचा असून पानी टोचलं," एवढंच ती म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे शाळेत नुसतं पाठ केलं होतं आपण. मी त्या दिवशी पाहिलं. आणि चोर घोंगडीवर बसला होता.

दवाखान्याने तुला लस देणं थांबवलं. तू जीप विकलीस आणि तेलंगणात कोंबड्यांच्या फार्मवर निघून गेलास. जायच्या दिवशी दुकानापुढे बस थांबली तेव्हा तू खिडकीतून हात केलास, मी एका ट्रकच्या खाली सरकलो. माझे पाय तुला दिसले असणार.

जीप विकायच्या आधी तिच्यातली फ्रिजची बॅटरी मी काढून घेतली होती. ती अजून माझ्या बाकाखाली आहे. भंगारवाला दर महिन्याला येतो, दर महिन्याला तिच्याकडे बोट दाखवतो, मी नाही म्हणतो. फरीदाला वाटायचं कोणा गिऱ्हाइकाची राहिली असेल.

आणखी एक लाजेची गोष्ट. त्यानंतर मी शिकलो. ज्या साहेबांना शिवी दिली होती त्यांचा पत्ता काढून फोन केला, नागपूरला जाऊन चार दिवस बसलो, लिहून घेतलं. आता यवतमाळपासून आदिलाबादपर्यंत गाडीतल्या फ्रिजचा मिस्त्री म्हणून माझंच नाव निघतं. आईस्क्रीमवाले येतात, मासळीवाले येतात, गेल्या वर्षी तर दवाखान्याची लसगाडीसुद्धा आली. पाटीवर मी 'सोलर व डीप सायकल' असं रंगवून घेतलं आहे. ते सगळं ज्ञान याडीच्या नऊ आणि तांड्याच्या बावीस, अशा एकतीस बकऱ्यांवर शिकलेलं आहे. कोणी शाबासकी दिली की मी बाकाखालच्या बॅटरीकडे पाहतो.

तुझी याडी बाजाराच्या दिवशी येते. दुकानापुढे पोतं टेकवते, मी चहा मागवतो, ती अर्धा पिते आणि अर्धा बशीत ठेवते. तुझा फोन ती घेत नाही हे तुला ठाऊक आहे. पण मला दर वेळी विचारते, कुठेतरी तिसरीकडेच पाहत: "थो जेवते का बरोबर? तिकडे भात देत असन." मी म्हणतो, "जेवते, याडी." सहा वर्षं दर आठवड्याला तिच्या कानाशी येऊन माझं खरं परत जातं. मागच्या बाजाराला ती म्हणाली, तिने पुन्हा बकऱ्या पाळल्या आहेत. सुई कोणाकडून घेत नाही. "भरवसा नाई येत," म्हणाली, आणि माझ्याच हातून चहा घेऊन प्यायली.

तुझ्या निरोपातली शेवटची ओळ मी वर लिहिली नाही. ती फरीदालाही आधी वाचून दाखवली नव्हती. तू लिहिलंस, "या बारीनं हाताची चूक होऊ देत नाई." सहा वर्षं तू कोंबड्यांना लस देताना रोज आपल्याच हातांवर पाळत ठेवत असशील, सुई वाकडी गेली का, मात्रा कमी भरली का, हे मनात आणत असशील. रूपसिंग, तुझ्या हाताची चूक नव्हती. एकदाही नव्हती. तुझे हात नीट होते. चूक माझ्या हातांची होती आणि खोटं माझ्या तोंडाचं. हे एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं आणि अकरा दिवस लागले.

रविवार, संध्याकाळ

इथपर्यंतचं पत्र शुक्रवारी लिहून झालं, पण टपालात टाकलं नाही. खरं सांगायचं तर ते मी आधी तुझ्यासाठी लिहिलंच नव्हतं. नुसतं बोलायला उभा राहिलो तर माझी जीभ पुन्हा वळेल हे मला पक्कं माहीत आहे; त्या ओट्यावर ती एकदा वळलेली आहे. म्हणून आधी कागदावर उतरवलं, म्हणजे समोर नायक असो, याडी असो, जे लिहिलं ते वाचावंच लागेल. बाकाखालची ती बॅटरी काल रात्रभर चार्जिंगला लावली, आज सकाळी मोटारसायकलला बांधली आणि तांड्यावर गेलो. डोंगरसिंग नायक आता फार थकले आहेत, पण माणसं त्यांनीच बोलावली. या वेळी घोंगडी टाकली होती तरी बसलो नाही. सगळं वाचलं, 'प्रिय रूपसिंग'पासून तुझ्या हातांपर्यंत. साहेबांना दिलेली शिवी तेवढी गाळली. मग बॅटरीला हेडलाइट लावला आणि सगळ्यांसमोर घड्याळ ठेवलं. पाच मिनिटंही जळला नाही. कोणी मला मारलं नाही, कोणी ओरडलं नाही. नायक म्हणाले, "पोरगं गेलं ना हो, जमीरभाई, आमचं." बायका उठून गेल्या. तुझी याडी तेवढी खांबाशी उभी राहिली. दरवेळी तांड्यावर गेलो की ती पाण्याचा तांब्या पुढे करते. आज केला नाही, आणि ते बरोबरच आहे. मी निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, "तुले नाई बलावत मी. त्याले सांग. सात बकऱ्या हायेत माह्या, सुई राह्यली त्यायची. थंडी गाडी घेऊन ये म्हना." एवढं सांगायला हे पत्र तुझ्याकडे पाठवतो आहे. एकशेवीसची घे, लिथियम फॉस्फेट. बसवून मात्र दुसऱ्या कोणाकडून घे.

तुझाच,
जमीर